स्टीम डेकवर पहिला मोठा आरपीजी खेळताना

स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग पीसी. डेक हातात आल्या आल्या ‘बाल्डर्स गेट 3’ हा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) डाउनलोडला लावू नकोस, आधी जागा बघ. तो एकटाच सुमारे 150 जीबी खातो. छोटे गेम मेमरी कार्डावर टाक, पण हा डेकच्या आतल्या एसएसडीवरच, म्हणजे वेगवान साठवणीवरच ठेव, नाहीतर प्रत्येक लोडिंगला ताटकळत बसशील.

खरी अडचण बॅटरीची. एलसीडी पडद्याच्या डेकची बॅटरी 40 वॉट-अवरची आहे. यंत्र 20 वॉट ओढायला लागलं की दोन तासांत कारभार आटोपला. म्हणून उजव्या ट्रॅकपॅडखालचं तीन ठिपक्यांचं बटण दाब आणि परफॉर्मन्समध्ये जाऊन फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची संख्या) 40 वर बांध. 30 ला एक फ्रेम 33 मिलिसेकंद दिसते, 60 ला जवळपास 17 आणि 40 ला 25, म्हणजे बरोबर मधोमध! डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो. गेमच्या तिसऱ्या अंकात शहरात शिरलास की प्रोसेसरवर प्रचंड ताण येतो. तिथे मात्र 40 चा हट्ट सोड.

अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये मोठी कर. सात इंचांवर डोळे ताणून संवाद वाचण्यात काही मजा नाही, आणि या गेमचा जीव संवादातच आहे.

पॉवर बटण दाबून गेम मध्येच झोपवता येतो, बसचा थांबा आला की हे फार सोयीचं. पण त्याआधी सेव्ह कर. माझी बॅटरी एकदा झोपेतच संपली आणि एक अख्खी लढाई पुन्हा लढावी लागली.