चौकोनाचा त्रिकोण का होतो: मुका खांब, कडा आणि त्यापुढचे सोपे नमुने

क्रोशाकाम नव्याने शिकणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साखळी जमते, मुका खांब हा साधा आखूड टाकाही जमतो, पण वीस टाक्यांचा चौकोन विणायला घेतला की दहा-बारा ओळींत त्याचा त्रिकोण होतो, खालची कड आखडते, आणि एवढ्याच टाक्यावर काय करता येईल ते कळत नाही.

आधी मोजा. आकार बिघडला की बहुतेकजण ताणाला दोष देतात, पण ताणाकडे वळण्याआधी सर्वांत वरच्या ओळीतले टाके मोजायचे. वीसचे सोळा झाले असतील तर कडेचे टाके सुटताहेत. टाके वीसच आहेत, पण तुकडा खाली अरुंद आणि वर रुंद, पंख्यासारखा दिसतोय, तर पायाची साखळी घट्ट झाली आहे. टाके वीस, पाया ठीक, तरी वर जाताना निमुळता होतोय, तर मात्र हात आवळत चालला आहे. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

मुका खांब एकदा नीट मांडतो, कारण अर्ध्या चुका इथेच दडलेल्या असतात. मागच्या ओळीच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आडव्या जोड्या दिसतात. एक व्ही म्हणजे एक टाका. सुई पुढून मागे, व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून घाला. दोऱ्याचा वेढा घेऊन सुई बाहेर काढा, आता सुईवर दोन लूप आहेत. पुन्हा वेढा घ्या आणि दोन्हींतून एकदम ओढा. बस. अधूनमधून व्हीचा एकच धागा पकडला गेला तर त्या जागी आडवी रेघ उमटते आणि कापड सैल होतं. सगळीकडे मुद्दाम मागचाच धागा घेतला तर छान लवचीक पट्ट्या येतात, त्याकडे पुढे येतोच.

पहिला वेढा घेताना दोरा सुईच्या वरून येतोय की सुई दोऱ्यावरून जाऊन त्याला खाली पकडतेय, हेही एकदा पाहा. दुसऱ्या पद्धतीत टाका जरा आखूड आणि घट्ट होतो, त्याचा पाय फुलीसारखा दिसतो. खेळणी विणणारे ती मुद्दाम वापरतात. पण एकाच तुकड्यात दोन्हींची सरमिसळ झाली की पोत चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

आता कडा. वीस टाक्यांसाठी साखळ्या एकवीस. सुईवरचा लूप साखळीत धरायचा नाही. पहिला मुका खांब सुईपासून दुसऱ्या साखळीत. ओळ संपली की एक साखळी, काम उलटं करा, आणि पहिला टाका अगदी पहिल्याच व्हीमध्ये, म्हणजे त्या साखळीच्या बुडाशी. इथे बहुतेकांची एक घर पुढे उडी पडते, कारण वळणाच्या साखळीने तो व्ही झाकला जातो. ओळीच्या शेवटी नेमकं हेच होतं. शेवटचा व्ही वळताना ओढला गेल्यामुळे जरा आडवा, गाठीसारखा दिसतो आणि "ही तर कड आहे" असं समजून सोडून दिला जातो. प्रत्येक टोकाला एक टाका गेला की ओळीमागे दोन गेले. उलट, वळणाच्या साखळीतही एक टाका घातला तर तुकडा रुंदावत जातो.

गोंधळाचं मूळ असं की खांबाचा, म्हणजे मुक्या खांबापेक्षा उंच टाक्याचा, नियम वेगळा आहे. खांबाला वळणाच्या तीन साखळ्या लागतात आणि त्या सहसा पहिला खांब म्हणून मोजतात, म्हणून तिथे पहिला व्ही सोडायचा आणि ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या माथ्यावर टाका घालायचा. मुक्या खांबात वळणाची साखळी मोजत नाहीत. पहिला व्ही सोडायचा नाही, शेवटी साखळीत शिरायचं नाही. दोन्ही एकाच वेळी शिकणाऱ्यांच्या कडा हमखास बिघडतात. लिखित पॅटर्न वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे म्हणतात.

उपाय स्वस्त आहे: दोन सेफ्टी पिना. ओळीतला पहिला टाका झाला की लगेच त्याच्या व्हीमध्ये पिन अडकवा, शेवटचा झाला की दुसरी. परत येताना पिन दिसेल तिथे टाका घालायचाच, आणि पिन वर सरकवायची. आठ-दहा ओळींनंतर डोळा सरावतो. तोवर प्रत्येक ओळ मोजा, एकही न सोडता. टाके कमी निघाले तर मध्येच कुठेतरी एका घरात दोन घालून हिशेब जुळवू नका. आकडा जुळतो, कड वाकडीच राहते. तेवढी ओळ उसवा. क्रोशात सुईवर एकच लूप असतो, त्यामुळे उसवण्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

पाया आखडण्याचं कारण म्हणजे प्रत्येक साखळीनंतर दोरा खेचायची सवय. लूप सुईच्या जाड दांडीवर घडला पाहिजे. आकड्याजवळच्या निमुळत्या भागावर घडला तर बारीकच होणार. साखळी पुरती अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई घ्या आणि पहिल्या ओळीला मूळ सुईवर या. तपासायचं कसं? कुठल्याही साखळीत सुई जोर न लावता शिरली पाहिजे. ढकलावी लागत असेल तर ती साखळी सोडून द्या आणि नव्याने घाला. पहिल्या ओळीत साखळीच्या मागच्या बाजूच्या उंचवट्यांत टाके घातले तर खालची कडही वरच्यासारखीच व्हींची दिसते. किचकट आहे, पण पट्टी किंवा पाऊच विणताना फरक कळतो.

सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर आणि 5 मिलिमीटरची सुई. काळ्या किंवा केसाळ लोकरीत व्ही दिसतच नाहीत. बारा सुयांचा संच आत्ता घेऊ नका.

नमुन्यांकडे वळण्याआधी 10 सेंटिमीटरमध्ये तुमचे किती टाके बसतात ते मोजा. वर सांगितलेल्या जोडीला साधारण 14 येतात, पण हात सैल असेल तर 12, घट्ट असेल तर 16. पुढचे आकडे 14 धरून आहेत.

पहिला नमुना पेल्याखालचा चौकोन: 15 साखळ्या, 14 टाके. ओळी मोजत बसू नका, साधारण सोळाव्या ओळीला तिरकी घडी घालून पाहा. कडा जुळल्या की चौकोन झाला. मग न तोडता चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक फेरी: बाजूंना ओळीमागे एक टाका, कोपऱ्यात एकाच घरात तीन. कोपऱ्यात तीनाऐवजी एकच घातला तर कोपरे वर उचलतात. गरम भांड्याखाली ठेवायचा असेल तर दोरा सुतीच हवा. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं.

चौकोन सरळ आला की पाऊच. 25 साखळ्या, 24 टाके, म्हणजे रुंदी सुमारे 17 सेंटिमीटर. लांबी 26 होईपर्यंत सरळ विणा. खालचे 10 सेंटिमीटर वर दुमडा, वरचे 6 झाकणाला राहतील. दोन्ही बाजू दोन्ही थरांतून सुई घालून मुक्या खांबानेच जोडा. बटणासाठी झाकणाच्या मधोमध आठ-दहा साखळ्यांचा फास पुरतो.

डोक्याच्या पट्टीसाठी मागच्या धाग्यातली वीण: 13 साखळ्या, 12 टाके, पहिली ओळ नेहमीसारखी, पुढे प्रत्येक टाका फक्त मागच्या धाग्यात. ही पट्टी लांबीत ताणते, म्हणून डोक्याच्या घेरापेक्षा 4-5 सेंटिमीटर कमीच ठेवा आणि टोकं जोडा.

गोल शेवटी घ्या. जादुई फासाच्या, म्हणजे ओढून घट्ट करायच्या दोऱ्याच्या वेढ्यात टाके घालून गोल सुरू करण्याच्या, नादी सुरुवातीला लागू नका. दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घातले की काम होतं. पुढे प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे: 12, 18, 24, 30. वाढ म्हणजे एकाच घरात दोन टाके. गोल वाटीसारखा वर वळला तर वाढ कमी पडतेय, झालरीसारखा लहरला तर जास्त होतेय. वाढी दर फेरीत एकावर एक आल्या तर षटकोन दिसतो. म्हणून चौथ्या फेरीत "दोन साधे, एक वाढ" याऐवजी "एक साधा, वाढ, एक साधा" असं सहा वेळा करा. टाके 24च होतात, फक्त वाढीची जागा सरकते. फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन असू द्या, नाहीतर सुरुवात कुठे होती ते दुसऱ्याच फेरीत हरवतं. 42 टाक्यांवर वाढ थांबवून एक फेरी मागच्या धाग्यात आणि पुढे साधं विणत गेलात की छोटी टोपली उभी राहते. टोपलीला दोन पदरी लोकर आणि 6 मिलिमीटरची सुई घेतली तर भिंती ढासळत नाहीत.

शेवटचा दोरा कापताना 15 सेंटिमीटर राखा. बोथट सुईने तो टाक्यांच्या आतून एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवा. नुसती गाठ मारून कापलेला दोरा धुण्यात सुटू शकतो, आणि सुती कापडात तर लवकरच.