रिलीज कँडिडेटवर ३७ टेस्ट फेल: चूक माझी की लायब्ररीची?

तुमचा प्रश्न असा: एका ओपन सोर्स लायब्ररीची रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलआधी तपासायला दिलेली आवृत्ती, टाकली आणि कालपर्यंत पास होणाऱ्या ३७ टेस्ट फेल झाल्या. आता स्वतःचा कोड तपासायचा, की त्यांच्याकडे बग नोंदवायचा?

आधी त्या ३७ चा धसका घेऊ नका. २०२४ च्या उन्हाळ्यात नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या २.० ची रिलीज कँडिडेट आली, तेव्हा पावसाच्या नोंदींवर काम करणाऱ्या माझ्या छोट्या प्रोजेक्टमध्ये असाच लाल ढीग पडला होता. उपसून पाहिला तर कारणं तीनच निघाली.

सुरुवात कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटपासून, म्हणजे पॅकेजच्या वेगळ्या, स्वतंत्र जागेपासून, करा. जुन्या स्टेबल आवृत्तीवर सगळ्या टेस्ट चालवा, मग फक्त ती एकच लायब्ररी बदला. पिपला (पायथनची पॅकेज टाकणारं साधन) ‘--प्री’ दिलं की तो बाकीच्या पॅकेजच्याही प्री-रिलीज उचलतो, आणि मग कोणामुळे काय मोडलं ते कळत नाही. त्यापेक्षा शेवटच्या आरसी१ (पहिली रिलीज कँडिडेट) पर्यंतचा पूर्ण आवृत्ती क्रमांक लिहून टाका. स्टेबलवरही कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट असेल तर ती या हिशेबातून वगळा.

मग टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या आउटपुटमध्ये ‘एफ’ (टेस्टच फेल) किती आणि ‘ई’ (टेस्टच्या तयारीतच एरर) किती ते बघा. माझ्याकडे ‘ई’ची रांगच होती. एक फिक्स्चर (टेस्टआधीची तयारी करणारा कोड) दुसरं एक कंपाइल केलेलं पॅकेज इम्पोर्ट करत होतं, आणि ते नमपाय १ वर बिल्ड झालेलं होतं. तसं बायनरी २.० वर चालत नाही. त्या पॅकेजची नवी बिल्ड आली आणि माझ्या कोडला हात न लावता ती रांग गेली.

दुसरा गठ्ठा डॉकटेस्टचा, म्हणजे डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून छापलेलं उत्तर जुळतं का ते पाहणाऱ्या टेस्टचा. ‘एक्स्पेक्टेड’खाली ३.० आणि ‘गॉट’खाली एनपी.फ्लोट६४(३.०). उत्तर तेच, छापण्याची पद्धत नवी. हा बदल त्यांनी ठरवून केला होता आणि रिलीज नोट्समध्ये लिहिला होता. म्हणून बग नोंदवण्याआधी त्या नोट्स खरोखर वाचा, नुसत्या चाळू नका.

तिसऱ्या कारणापायी मात्र दोन संध्याकाळी गेल्या. फेल झालेली टेस्ट एकच, आणि फरक आठव्या अंकाच्या आसपास. दोन उत्तरं पुरेशी जवळ आहेत का ते तपासणाऱ्या नमपायच्या असर्ट-ऑलक्लोजची डीफॉल्ट सापेक्ष मर्यादा एक कोटीत एक असते. ती थोडी सैल केली असती तर टेस्ट लगेच हिरवी झाली असती. पण तसं करू नका. एका ओळीत फ्लोट३२ चा (३२ बिटांत साठवलेला, फ्लोट६४ पेक्षा कमी अचूक) सुटा आकडा पायथनच्या साध्या दशांश संख्येने गुणला जात होता. पूर्वी त्याचं उत्तर फ्लोट६४ यायचं, नव्या नियमांनुसार फ्लोट३२ येतं, म्हणजे अचूकता जेमतेम सात अंकांची. नियम त्यांचा बदलला हे खरं, पण जुन्या नियमावर नकळत विसंबून होता तो माझा कोड. गुणाकाराआधी आकडा उघडपणे फ्लोट६४ केला आणि टेस्ट मूळच्याच मर्यादेत पास झाली.

तेव्हा एकेक टेस्ट दुरुस्त करत बसू नका, एररचा शेवटचा मजकूर पाहून गठ्ठे पाडा. प्रत्येक गठ्ठ्यातली एक टेस्ट घ्या आणि तुमचा प्रोजेक्ट पूर्ण बाजूला ठेवून, फक्त त्या लायब्ररीवर चालणारी दहा ओळींची स्क्रिप्ट करून बघा. तेवढ्यातही जुन्या-नव्या आवृत्तीचं उत्तर वेगळं आलं आणि रिलीज नोट्समध्ये त्याचा उल्लेख नसला, तर बग त्यांच्याकडचा असण्याची शक्यता बरीच आहे. आधीच उघडलेल्या इश्यूंमध्ये शोधा. नसेल तर ती स्क्रिप्ट, दोन्ही उत्तरं, ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती देऊन नोंदवा. नमपाय असेल तर एनपी.शो_रनटाइमचं (तुमच्या सिस्टीमची माहिती छापणारं फंक्शन) आउटपुटही जोडा.

हे करायला संकोच वाटू देऊ नका, आणि फायनलची वाटही पाहू नका. रिलीज कँडिडेट काढतात ती तुमच्यासारख्यांनी वापरून सांगावं म्हणूनच. फायनल बाहेर पडली की लोक नव्या वागणुकीवर कोड लिहू लागतात, आणि मग ती मागे घेणं लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरनाही फार जड जातं.