चंद्रा शर्यतीत का उतरली? – वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या 'ईथरड्रिफ्ट' या 2025 च्या संचावर आणि त्याच्या गोष्टीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत भांडण आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या गोष्टीवरून कुणी भांडत नाही, ती गोष्ट कुणाच्या आत गेलेलीच नसते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ 1993 साली आला. दोघं जण आपापला डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, घेऊन बसतात आणि पत्ता खेळायला 'माना' नावाची शक्ती खर्च करतात. प्रत्येक पत्ता म्हणजे एखादी जादू, एखादा प्राणी, एखादं यंत्र किंवा एखादी व्यक्ती. नवे पत्ते आले की प्रकाशक त्यांच्यासोबत एक गोष्टही प्रकरणाप्रकरणानं छापतात. पत्त्यांवरची माणसं त्याच गोष्टीतली असतात. चंद्रा ही त्यातलीच एक, आगीची जादू करणारी.

ताई, आमच्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. चंद्रानं जगाचं रक्षण करायची शपथ घेतलेली आहे. तिनं एका शर्यतीच्या बक्षिसामागं धावावं हे मला पटत नाही. आधीची चंद्रा अशी नव्हती. तुमचं मत काय? – बी.एस्सी. दुसरं वर्ष, कोल्हापूर

माझं मत उलट आहे. हीच आधीची चंद्रा आहे.

आधी बक्षीस काय आहे ते नीट बघ. या गोष्टीत एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याची शक्ती ज्यांच्यात असते, त्यांच्या आत एक ठिणगी असते. 2023 च्या गोष्टीत फायरेक्शियन नावाच्या यंत्रराक्षसांनी सगळ्या जगांवर केलेल्या आक्रमणानंतर अशा बहुतेकांची ठिणगी विझली. निसाची विझली, चंद्राची टिकली. त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. आता चंद्राच्या जगातल्या घिरापूर शहराच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला 'ईथरस्पार्क' मिळणार आहे, म्हणजे माणसानं घडवलेली ठिणगी. चंद्राला ती निसासाठी हवी आहे.

आता मागं जा. अकरा वर्षांची असताना तिच्या हातातून आग निघाली. त्या पायी घरदार सोडून पळावं लागलं, वडील किरण मारले गेले, तिला भर चौकात मृत्युदंड द्यायला उभं केलं. त्या क्षणी तिची ठिणगी पेटली आणि ती दुसऱ्याच जगात जाऊन पडली. ही मुलगी तत्त्वासाठी कधी लढलीच नाही. ती कायम माणसासाठी लढली. आधी वडिलांसाठी, मग आईसाठी, आता निसासाठी. शपथसुद्धा तिनं घेतली ती समोर उभ्या असलेल्या सोबत्यांकडे बघून.

तुमच्या कट्ट्यावर भांडायचंच असेल तर याच्यावर भांडा: निसानं जे गमावलं ते परत आणून देणं हे प्रेम, की गमावल्यानंतरची निसा आहे तशी आपली म्हणणं हे प्रेम? मी पहिल्या बाजूची नाही. पण चंद्रा आहे, आणि तिनं तसंच असावं असं मला वाटतं.

मी पाच वर्षं खेळतोय. खरं सांगू का, गोष्ट म्हणजे मला पत्त्यांभोवतीचं गिफ्ट पेपर वाटतं. माना किती, ताकद किती, टेबलावर आल्यावर काय करतो, एवढं कळलं की झालं. प्रकरण वाचून माझा डेक सुधारणार आहे का? – नागपूर

डेक सुधारणार नाही. पण तुम्ही ज्याला नुसते आकडे म्हणता ना, त्यातच गोष्ट लिहिलेली आहे. तुमच्याकडे दोन पत्ते असतील तर ते आत्ता काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. नसतील तर मी सांगते.

पहिला 2015 चा, 'पिया अँड किरण नलार'. चंद्राचे आई-वडील एकाच पत्त्यावर. चार माना, ताकद 2/2 (पहिला आकडा माराचा, दुसरा तग धरण्याचा). टेबलावर येताच दोन थॉप्टर तयार होतात. थॉप्टर म्हणजे धातूचं छोटं उडतं यंत्र, ताकद 1/1. दुसरा पत्ता 2016 चा, नुसती 'पिया नलार'. तीन माना, ताकद तीच 2/2. थॉप्टर मात्र एकच.

किरण गेला हे त्या दुसऱ्या पत्त्याच्या नियमांत कुठंही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही. दोघं होते तेव्हा दोन यंत्रं उडायची, एक उरली तर एक उडतं.

आता खालच्या ओळी वाचा, कारण मला सगळ्यात जास्त तिथंच धक्का बसला. जोडप्याच्या पत्त्यात तीन माना भरून एखादं यंत्र मोडलं की समोरच्याला दोनचा फटका बसतो. एकट्या पियाच्या पत्त्यात एकच माना भरून यंत्र मोडायचं, पण फटका बसत नाही. समोरचा एक प्राणी त्या टर्नला आडवा येऊ शकत नाही, इतकंच. म्हणजे यंत्र मोडून ती दुसऱ्यांना वाट करून देते. गोष्टीत नवरा गमावलेली ही बाई तोपर्यंत सरकारविरुद्धच्या बंडखोरांची पुढारी झालेली असते. पुढारी असलेली पिया या एका ओळीत आहे, आणि ती ओळ तुम्ही पाच वर्षं 'ब्लॉक नाही' एवढं म्हणून खेळत आला असाल.

अजून एक. 2017 च्या जानेवारीत 'ईथर रिव्होल्ट' आलं, त्यात 'हार्ट ऑफ किरण' नावाचं यान आहे. बंडखोरांनी बांधलेलं, चंद्राच्या वडिलांचं नाव दिलेलं. दोन माना, 4/4, उडणारं. ते चालवायला एरवी एकूण तीन ताकदीची माणसं बसवावी लागतात. पण तुमच्याकडे प्लेन्सवॉकर, म्हणजे ठिणगी असलेल्या व्यक्तीचा पत्ता, असेल तर त्याच्यावरचा एक निष्ठेचा काउंटर (त्या पत्त्याची उरलेली निष्ठा मोजणारी खूण) काढूनही यान उडवता येतं. टेबलावर चंद्रा असेल तर तिच्या निष्ठेतला एक काढायचा आणि बापाच्या नावाचं यान उडवायचं. हा नियम कुणी आकडेमोड करून बसवलेला नाही. ज्याला गोष्ट ठाऊक होती त्यानंच तो लिहिला, असं मला ठामपणे वाटतं.

नव्या संचातही पियाचा पत्ता आहे. यंत्रांनी समोरच्याला मारलं की ऊर्जा मिळते आणि टर्नच्या शेवटी त्या ऊर्जेतून उडतं वाहन बनवता येतं. त्या वाहनाच्या नावात 'नलार' आहे. एका थॉप्टरवरून ही बाई कुठं पोचली बघा.

मी डॅलसला राहते. रश्मी, किरण, पिया ही नावं पत्त्यांवर वाचून माझी दहा वर्षांची लेक हरखून जाते. पण हे जग 'आपलं' आहे असं तिला सांगावं का? मला खात्री वाटत नाही.

अर्धं सांगा. नावं, दागिन्यांसारखी धातूची नक्षी, कापडाचे रंग, शहराचा थाट, हे सगळं भारतावरून घेतलेलं आहे आणि पत्त्यांवरच्या चित्रांत ते प्रेमानं काढलेलं आहे. लेकीला आनंद होतो तो खरा आहे, त्यावर विरजण घालू नका. पण त्या जगाचा इतिहास आपला नाही. तिथं आकाशातून ईथर वाहतं, सगळी यंत्रं त्यावर चालतात आणि ते कुणाला किती द्यायचं हे कॉन्स्युलेट नावाचं सरकार ठरवतं. बंड होतं ते त्या वाटपावरून. रश्मी तर तिथं माणूसही नाही, ती एल्फ आहे.

पण लेकीला रश्मीचीच गोष्ट सांगा, कारण ती कुठल्याही देशातल्या हुशार मुलीला कळेल. रश्मी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पाठवायचं यंत्र शोधते. शोधकांच्या जत्रेत तिचं कौतुक होतं. जत्रेचा मुख्य परीक्षक टेझरेट असतो. तो तिचा शोध उचलतो आणि त्यातून जगाजगांमधला पूल बांधायला घेतो. स्वतःच्या फायद्यासाठी आणि स्वतःच्या धन्यासाठी. मग सगळ्याच शोधकांची यंत्रं जप्त होतात आणि शहर पेटतं. ज्याच्या हातात बक्षीस द्यायचं असतं तोच चोर निघतो, हे दहा वर्षांच्या मुलीला नीट समजावून सांगण्यासारखं आहे.

या जगाचं पूर्वीचं नाव कलादेश. बंडानंतर तिथल्या लोकांनी ते टाकलं, आता ते आविष्कार. नवे पत्ते घ्याल तेव्हा हेच नाव दिसेल, गोंधळू नका.

आमच्या ग्रुपमधला एक जण प्रकरण आलं की त्याच रात्री वाचतो आणि सकाळी शेवट सांगून टाकतो. काय करावं? – पुणे

प्रकरणं पत्ते बाजारात यायच्या आधी येतात, त्यामुळे हा त्रास सगळ्यांनाच आहे. आमच्या टेबलावर नियम असा: सगळ्यांचं वाचून होईपर्यंत त्या प्रकरणावर बोलायचं नाही, आणि ज्याला वाचायचंच नाही त्यानं तसं आधी सांगायचं. नियम मोडणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पाकिटं फोडून आळीपाळीनं पत्ते निवडायच्या डावात, शेवटी पत्ता उचलायला लावा.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला या सगळ्यात खलनायक बरालच आवडतो. त्याचा पत्ता वेगळ्या स्लीव्हमध्ये जपून ठेवलाय. मी काळजी करावी का? – एक आई, ठाणे

काळजी नको, त्याच्याशी बोला. तुमच्या मुलानं मोठ्यांना जमत नाही इतका चांगला पत्ता निवडलाय.

बराल म्हणजे ज्यानं किरणला मारलं तो. कॉन्स्युलेटचा अधिकारी, जादू करणाऱ्यांना हुडकून काढणं हे त्याचं काम. चंद्राच्या आगीत त्याचा चेहरा भाजला, म्हणून तो मुखवटा घालतो. आणि गोष्टीतली खरी गोम अशी की जादू त्याच्यातही आहे. दुसऱ्याची जादू विझवण्याची. तो जे जगातून पुसायला निघालाय ते त्याच्या स्वतःच्या हाडात आहे, आणि त्याचा सगळा द्वेष तिथूनच येतो.

आता मुलाला म्हणावं, पत्ता वाच. बराल टेबलावर असेल तर तुमचे मंत्र एका मानानं स्वस्त होतात, आणि तुम्ही समोरच्याचा मंत्र रोखलात की एक पत्ता उचलून एक टाकता येतो. जादू बंद करायला निघालेल्या माणसामुळे जादू स्वस्त होते! हे असं का असेल, एवढाच प्रश्न त्याला विचारा आणि गप्प बसा. तो काय बोलतो ते मला कळवलंत तर फार आवडेल.

नवं प्रकरण जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही गेल्या अंकात फारच गोड लिहिलंत. – रत्नागिरी

गेल्या अंकात मी शर्यतीबद्दल गोड लिहिलं, आणि शर्यतीबद्दल माझं तेच मत आहे. समोरच्याचं आयुष्य कमी झालं की आपला वेग वाढतो, एका टर्नला एकदाच, एकपासून चारपर्यंत. हा नियम हातात पत्ते असताना खरोखर धाप लावतो. चौथ्या वेगाला पोचायच्या आधीचा टर्न आमच्या टेबलावर कुणी बसून खेळत नाही, सगळे उभे राहतात.

पण शहराबद्दल तुमच्याशी सहमत. 2016-17 मध्ये एकाच जगाला दोन संच मिळाले होते. पहिल्यात जत्रा, दुसऱ्यात बंड. घिरापूरच्या गल्ल्या, ईथरच्या नळ्या, ईथर खाणारे ग्रेमलिन, थोडंच आयुष्य घेऊन ईथरमधून जन्मणारी ती माणसं, सगळं बघायला सवड होती. याहेनी आठवतो ना? आयुष्य थोडं म्हणून मेजवान्या देत जगणारा. त्याच्या पत्त्यात समोरचा प्राणी मेला की याहेनीची ताकद वाढते. इतकं बारीक काम तेव्हा झालं. आता एकाच संचात तीन जगं आहेत: आविष्कार, अमोनखेत आणि मुरागांडा. रस्ता लांब झाला की दर गावी थांबता येत नाही. बंड जिंकल्यावर ईथर कोण वाटतं, जप्त झालेली यंत्रं कुणाकुणाला परत मिळाली, कॉन्स्युलेटचे जुने शिपाई आता काय करतात, हे मला वाचायचं होतं. हवं तेवढं मिळालं नाही.

जुन्या खेळाडूंना एक गंमत आठवेल. गोष्टीत कॉन्स्युलेट शोधकांची यंत्रं जप्त करत होतं, आणि नेमकं त्याच वेळी, जानेवारी 2017 मध्ये, 'स्मगलर्स कॉप्टर' या वाहनावर स्टँडर्ड स्पर्धांत, म्हणजे फक्त अलीकडचे संच चालतात त्या स्पर्धांत, बंदी आली. कॉप्टर फारच जोरदार होतं, बंदी योग्यच होती. पण तेव्हाच्या चाहत्यांनी आपलंही यान सरकारनं नेलं म्हणून किती चर्चा केली! गोष्ट आणि खेळ इतके एकमेकांत मिसळलेला तो काळ होता, आणि नव्या प्रकरणाची तुलना त्याच्याशी होणारच.

तुमच्यासारखंच ज्यांना जुनं आधी वाचायचंय, त्यांच्यासाठी क्रम सांगते, कारण तो बऱ्याच पत्रांत विचारलाय. आधी 2015 ची चंद्राच्या लहानपणाची गोष्ट, मग 2016 चं 'कलादेश', मग 2017 चं 'ईथर रिव्होल्ट'. त्यानंतर थेट 'ईथरड्रिफ्ट'वर उडी मारू नका. मधलं 2023 चं 'मार्च ऑफ द मशीन' वाचा, नाहीतर निसाची ठिणगी कशी गेली हे कळणार नाही आणि कोल्हापूरकरांचं भांडण अर्धवटच समजेल. सगळं इंग्रजीत आहे आणि प्रकाशकांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेलं आहे. पुढच्या अंकासाठी टेझरेटवरचे प्रश्न पाठवा. त्याच्यावर दोनच पत्रं आली आहेत, आणि तो त्याहून कितीतरी जास्त पत्रांच्या लायकीचा आहे.