वळवाच्या पावसात चढलेला आकडा

प्रश्न : मॅडम, मुलाने ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) आमच्या अंगणात एरवी ताशी 0.10 मायक्रोसिव्हर्ट दाखवतो. मे महिन्यात वळीव कोसळला तेव्हा आकडा 0.17 वर गेला, संध्याकाळी परत 0.10. कुठे अणुस्फोट किंवा अपघात होऊन त्याची धूळ इथे पडली का? तेव्हापासून धाकटीला पावसात जाऊ देत नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आकडा संध्याकाळी उतरला हे लिहिलंत, फार बरं केलंत. त्यावरूनच सांगते, ही अणुस्फोटाची धूळ नव्हे. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू सतत वर येतो. त्यातून तयार होणारे किरणोत्सारी शिसे-214 आणि बिस्मथ-214 हवेतल्या कणांना चिकटतात नि पावसाबरोबर खाली येतात. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, जेमतेम 27 आणि 20 मिनिटं. वळीव जमिनीवरच्या हवेतून येतो, म्हणून त्यात हे जास्त. जुलैत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात रेडॉन फार कमी असतो.

स्फोटाच्या धुळीतलं आयोडिन-131 निम्मं व्हायला 8 दिवस लागतात, सीझियम-137 ला 30 वर्षं. ते संध्याकाळपर्यंत ओसरत नाही. 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर मी दुधाचे नमुने मोजत असे. लिटरभर दूध शिशाच्या जाड पेटीत ठेवायचं, मोजणी रात्रभर चालायची. सकाळी किरणांच्या ऊर्जेच्या आलेखावर 1460 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक शिखर हमखास दिसे; ते दुधातल्या नैसर्गिक पोटॅशियमचं. आमची नजर मात्र 662 वर, सीझियमच्या जागी. तुमच्या यंत्राला हा फरक कळत नाही, ते नुसते ठोके मोजतं.

आता मुलीबद्दल. त्या पावसाने जास्तीचा जो किरणोत्सार मिळाला, तेवढा घरात दोन-तीन तास बसूनही मिळतो. किरणोत्साराच्या अल्प मात्रेचा परिणाम शोधणं कठीण, कारण कर्करोग एरवीही होतच असतो. केरळात करुनागपल्लीच्या थोरियमयुक्त (म्हणजे मुळातच किरणोत्सारी) वाळूवर राहणाऱ्या सुमारे 70 हजार लोकांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं, जादा कर्करोग आढळला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 3 लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांमध्ये मात्रेबरोबर कर्करोगाचे मृत्यू थोडे वाढलेले दिसले. म्हणून ‘अजिबात धोका नाही’ असं मी कधीच लिहीत नाही. पण वळवासाठी मुलीला कोंडून ठेवू नका, तिला भिजू द्या.

पुढच्या वळवाला एक करा. पाऊस थांबताच गाडीचा पत्रा कोरड्या टिश्यूने पुसा, घडी करून यंत्राला लावा आणि दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहा. जादा भाग दर खेपेला साधारण निम्मा होत जाईल. चार तासांनीही तो उतरला नाही, तर ती टिश्यू पिशवीत बंद करून ठेवा आणि वहीच्या पानाचा फोटो मला लगेच पाठवा.