क्लब सुरू करतोयस, तर आधी वही घे

गेमिंग क्लब काढतोयस हे ऐकून फार बरं वाटलं. स्पर्धा नंतर घे, आधी हिशेब मांड. आमच्या पहिल्या वर्षी सगळी वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर जमा व्हायची. सेमिस्टर संपता संपता क्लबचे किती आणि त्याच्या मेसचे किती, हे त्यालाच सांगता येईना. पोरगा प्रामाणिक होता, तरी दोस्ती तुटली ती तुटलीच. त्यामुळे वेगळं खातं, दोघांच्या सह्या आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या पावतीसकट सगळं वहीत.

प्रवेश फी आयोजनाच्या खर्चापुरतीच ठेव. पैजा अजिबात नकोत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025च्या कायद्याने बंदी आहे. एकाच गेमवर क्लब उभा करू नकोस. 2022च्या जुलैमध्ये बीजीएमआय हा मोबाइल गेम एका रात्रीत अ‍ॅप स्टोअरवरून गेला, तेव्हा अनेकांचे बेत कोलमडले.

व्हॅलोरंट या गेमच्या पाच जणांच्या टीममध्ये एखादी मुलगी माइक बंद ठेवूनच खेळत असेल, तर का ते विचार. शिवीगाळीचा नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लाव आणि तो तुमच्या सगळ्यात भारी खेळाडूलाही लागू कर. कमिटीत दुसऱ्या वर्षाचे दोघं तरी घे, नाहीतर तुमची बॅच पास आऊट झाली की खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं.