उंच इमारतीवरची टीका: कोणी करावी, कशावर करावी, कधी करावी

शहराच्या मध्यवर्ती भागात उभ्या राहणाऱ्या उंच कार्यालयीन इमारतींच्या रचनेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या शहराच्या मध्यभागी एक उंच कार्यालयीन इमारत नुकतीच पूर्ण झाली. बहुतेकांना ती आवडलेली नाही. वर्तमानपत्रांत पत्रे छापून आली, एक निषेधसभाही झाली. त्यावर वास्तुरचनाकारांचे उत्तर असे की, सौंदर्य ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे आणि या विषयाचे शिक्षण नसलेल्यांच्या मताला रचनेच्या चर्चेत स्थान नाही. सामान्य माणसाच्या टीकेला खरोखर काही आधार असतो का?

उत्तर: आधार असतो, आणि तो भक्कम असतो. एखादे चित्र आवडले नाही तर त्याच्यासमोर न जाण्याची मोकळीक प्रत्येकाला असते. भर शहरात उभ्या असलेल्या दीडशे-दोनशे मीटर उंचीच्या इमारतीबाबत ती कोणालाच नसते. जमीन मालकाची आणि पैसा गुंतवणूकदाराचा हे मान्य केले, तरी त्या इमारतीची सावली, तिने वळवलेला वारा, तिच्या काचांवरून परतणारे ऊन आणि तिच्या पायथ्याशी उरलेली किंवा न उरलेली चालण्याची जागा हे सारे, तिच्यात कधी पाऊलही न टाकणाऱ्या माणसांच्या वाट्याला येते. परिणाम सोसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार असतो आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

उंच इमारतींच्या नियमांचा इतिहासही हेच सांगतो. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग ही 38 मजली कार्यालयीन इमारत पूर्ण झाली. जेमतेम एक एकर जमिनीवर सुमारे 12 लाख चौरस फुटांचे बांधकाम, आणि तेही कोठेही मागे न सरता पदपथाच्या कडेपासून सरळ वर गेलेले. शेजारच्या इमारतींचा उजेड गेला, रस्त्यावर दिवसभर सावली राहू लागली आणि आधीपासून धुमसत असलेल्या तक्रारींना या इमारतीने ठोस उदाहरण पुरवले. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, त्या शहराने विशिष्ट उंचीनंतर इमारत टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे बंधन घातले. नंतरच्या काही दशकांत पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या ज्या इमारतींसाठी न्यूयॉर्क ओळखले जाऊ लागले, त्यांचा आकार या नियमातून आला. त्या तक्रारी करणाऱ्यांत शेजारचे मालक होते, भाडेकरू होते. त्यांना फक्त आपल्या खिडकीत ऊन येत नाही एवढे ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे ठरले.

असे असले तरी आपल्याकडील टीकेचा सूर मात्र तपासून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ‘इमारत कुरूप आहे’ हे मत प्रामाणिक आहे आणि ते मांडण्यात काही गैर नाही. परंतु चर्चा तेवढ्यावरच थांबली, तर समोरच्याला ‘तुमची आवड वेगळी, आमची वेगळी’ असे म्हणून ती मिटवता येते. लंडनमधील 20 फेंचर्च स्ट्रीट या इमारतीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. राफाएल विन्योली यांनी रचलेली ही 160 मीटर उंचीची इमारत वरच्या बाजूला रुंद होत जाते आणि त्या आकारामुळे लोकांनी तिला ‘वॉकी-टॉकी’ हे टोपणनाव दिले. इमारत डोळ्यांना खुपते, ऐतिहासिक परिसराच्या दृश्यात घुसते, ही टीका आराखड्याच्या काळापासून होत होती. मूळ प्रस्तावातील जवळपास 200 मीटरची उंची त्यामुळे कमीही करावी लागली. तिच्या दक्षिणेकडील अंतर्वक्र काचेच्या भिंतीचा खरा धोका मात्र 2013 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वांच्या लक्षात आला. बांधकाम अजून चालू असताना त्या भिंतीने सूर्यकिरण एकवटून समोरच्या रस्त्यावर टाकले आणि तेथे उभ्या केलेल्या एका मोटारीचे काही भाग वितळून वाकडे झाले. आधी घाईने तात्पुरता पडदा उभारला गेला आणि पुढच्या वर्षी त्या दर्शनी भागावर कायमस्वरूपी आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आकार आवडतो की नाही यावर वर्षानुवर्षे वाद घालता आला असता. वितळलेल्या मोटारीवर वाद घालता येईना.

वाऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि जाहीर चर्चेत त्याला फार कमी जागा मिळते, याची मला खंत वाटते. जमिनीपासून जितके वर जावे तितका वाऱ्याचा वेग वाढतो. रुंद, सपाट भिंतीवर आदळलेल्या या वेगवान वाऱ्याचा मोठा भाग भिंतीवरून खाली उतरतो आणि इमारतीच्या कोपऱ्यांशी आणखी वेग घेऊन पदपथावर येतो. आजूबाजूच्या इमारती ठेंगण्या असतील, तर त्याला अडवायला काहीच नसते. इंग्लंडमधील लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस ही उंच इमारत 2007 मध्ये पूर्ण झाल्यापासून तिच्या पायथ्याशी चालणे कठीण झाल्याच्या तक्रारी येत होत्या. मार्च 2011 मध्ये तेथे वाऱ्याने एक मालमोटार उलटून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. वारा अडवणारे मोठे पडदे रस्त्यावर उभारले गेले ते त्यानंतर काही वर्षांनी. तेव्हा आपल्या शहरातील नव्या इमारतीच्या कोपऱ्याशी वाऱ्याने तोल जातो असे कोणी सांगत असेल, तर त्याची नोंद सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे व्हायला हवी.

प्रश्न: पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यालाही सुरुवातीला केवढा विरोध झाला होता, आणि आज तोच शहराचे भूषण आहे. नवी रचना डोळ्यांना रुळायला वेळ लागतो. मग एवढ्या घाईने टीका करणे अन्यायाचे नाही का?

उत्तर: हा युक्तिवाद प्रत्येक वादग्रस्त इमारतीच्या वेळी पुढे येतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. 1887 साली अनेक नामवंत चित्रकार, लेखक आणि वास्तुरचनाकारांनी आयफेल मनोऱ्याविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर निषेधपत्र छापले होते, हे खरे आहे. पण तो मनोरा जागतिक प्रदर्शनासाठी, 20 वर्षांच्या परवान्यावर उभा राहिला होता. मुदत संपल्यावर तो टिकला, यात बिनतारी संदेशवहनासाठी झालेल्या त्याच्या उपयोगाचा मोठा वाटा आहे. त्याच्या पायांमधून कोणीही चालत जाऊ शकत होते आणि वर जाण्याची सोय पहिल्यापासून सर्वांसाठी होती. बंद दाराच्या कार्यालयीन इमारतीशी त्याची तुलना करताना हे अंतर ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच शहरातील दुसरे उदाहरण मात्र या युक्तिवादात कोणी घेत नाही. तूर माँपार्नास ही 210 मीटर उंचीची कार्यालयीन इमारत 1973 मध्ये पूर्ण झाली. तिच्याविषयीची नाराजी इतकी तीव्र होती की, 1977 मध्ये पॅरिसने आपल्या हद्दीतील इमारतींची उंची जास्तीत जास्त 37 मीटरवर आणली. पुढे काही भागांत ही मर्यादा सैल करण्यात आली आणि त्यातून निघालेल्या नव्या वादानंतर 2023 मध्ये शहर पुन्हा 37 मीटरवर आले. म्हणजे पन्नास वर्षे उलटूनही लोकांचे डोळे त्या इमारतीला रुळले नाहीत. काळ सगळ्यांनाच माफ करत नाही. माझ्या मते येथे रंगरूपापेक्षा जागेची निवड अधिक बाधली: ठेंगण्या, एकसारख्या उंचीच्या वस्तीत एकटीच उभी असलेली गडद, सपाट इमारत दूरदूरच्या रस्त्यांवरून दिसत राहते.

बोस्टनमधील जॉन हॅन्कॉक टॉवरची कथा या दोन्हींहून निराळी आहे. हेन्री कॉब यांची ही 241 मीटर उंचीची, आरशासारख्या काचेची इमारत जुन्या ट्रिनिटी चर्चच्या अगदी शेजारी उभी राहू लागली, तेव्हा तिच्यावर कडाडून टीका झाली. पायाच्या खोदकामाने चर्चच्या वास्तूला इजा पोहोचली आणि त्यानंतर दर्शनी भागाच्या जड दुहेरी काचा एकामागून एक खाली पडू लागल्या. दोन काचांमधील जोड इतका ताठ होता की, वारा आणि तापमानातील बदलांमुळे होणाऱ्या हालचालीला वावच उरला नव्हता. ताण काचेवर येऊन ती तडकत होती. कित्येक महिने इमारतीचा बराच भाग प्लायवूडने झाकलेला होता आणि अखेरीस सर्व 10,344 काचा बदलाव्या लागल्या. याच इमारतीला 2011 मध्ये अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या संस्थेने दीर्घकाळ टिकून राहिलेल्या उत्तम रचनेसाठीचा पुरस्कार दिला, आणि चर्चचे प्रतिबिंब धरणारी तिची काच आज अनेकांना सुंदर वाटते. यावरून सुरुवातीची टीका चुकीची होती असा निष्कर्ष निघत नाही. गौरव झाला तो काचा बदललेल्या, दुरुस्त झालेल्या इमारतीचा.

तेव्हा घाई आणि अन्याय यांत फरक करू या. एखाद्या रूपाची सवय होईल का, यासाठी थांबायला हरकत नाही. सावलीची, वाऱ्याची आणि अडलेल्या पदपथाची सवय होण्याची वाट कशासाठी पाहायची?

प्रश्न: मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. प्रत्येक नव्या इमारतीवर अशी झोड उठू लागली, तर कोणीही धाडस करणार नाही आणि सगळीकडे एकाच साच्यातील काचेचे ठोकळे उभे राहतील, अशी मला भीती वाटते.

उत्तर: तुमची भीती मला मनापासून समजते, कारण टीका बहुतेक वेळा वेगळेपणावरच होते आणि सामान्य ठोकळा मात्र कोणाच्या नजरेत न येता परवानगी मिळवून जातो. सॅन फ्रान्सिस्कोमधील ट्रान्सअमेरिका पिरॅमिडचा आराखडा जाहीर झाला, तेव्हा शहर नियोजनकारांपासून अनेकांनी तो हास्यास्पद ठरवला होता. विल्यम परेरा यांची ही 260 मीटर उंचीची इमारत 1972 मध्ये पूर्ण झाली आणि आज त्या शहराचे चित्र तिच्यावाचून काढता येत नाही. पण तिच्या विचित्र वाटणाऱ्या आकारामागे कारण होते: वर निमुळती होत गेल्यामुळे तेवढ्याच उंचीच्या चौकोनी इमारतीपेक्षा ती रस्त्यावर अधिक उजेड येऊ देते. तुमचे धाडस रस्त्यावरच्या माणसाला काही देत असेल, तर ते त्याला समजावून सांगा, तो ऐकतो. लंडनमधील लॉइड्स बिल्डिंगने 1986 मध्ये नळ, जिने आणि लिफ्ट बाहेरच्या बाजूला आणून लोकांना धक्का दिला. 2011 मध्ये, अवघ्या पंचवीस वर्षांत, तिला जतनाच्या सर्वोच्च श्रेणीत स्थान मिळाले. टीकेने धाडस संपते, असा अनुभव नाही. टीकेला कारणे न देणाऱ्या रचनाकाराची अडचण होते, आणि ती व्हायलाच हवी.

प्रश्न: आमच्या भागात आणखी एका उंच कार्यालयीन इमारतीचा प्रस्ताव आल्याचे समजते. ती उभी राहिल्यावर ओरड करण्यापेक्षा आधीच काही करता येईल का? आमच्यापैकी कोणालाही तांत्रिक ज्ञान नाही.

उत्तर: आधी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि खरे तर तीच वेळ आहे. सांगाडा उभा राहिल्यावर फार तर पट्ट्या, पडदे आणि झाडे यांची डागडुजी होते. इमारतीची जागा, उंची आणि आकार ठरतात ते आराखड्याच्या टप्प्यावर. आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद जेथे आहे, तेथे तिची मुदत सहसा लहान असते आणि सूचनाफलकाकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून मुदत कधी संपते हे पहिल्यांदा विचारा आणि हरकत लेखी द्या.

हरकतीत काय लिहावे, याविषयी न्यूयॉर्कचेच एक उदाहरण देतो. तेथे 1961 च्या नियमांनी इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडणाऱ्या मालकाला जादा चटईक्षेत्र देऊ केले. जागा सुटल्या, पण त्यांतील अनेक ओसाड राहिल्या. नागरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात अशा जागांवर कॅमेरे लावून माणसे कोठे थांबतात आणि कोठून निघून जातात हे धीराने टिपले. लोक बसण्याची सोय असते तेथे बसतात, हे त्यांचे निरीक्षण आज अगदी साधे वाटेल. पण त्याच्या आधारे 1975 मध्ये नियम बदलले आणि बसण्याच्या जागांची, झाडांची अट आली. या कामात तांत्रिक ज्ञानापेक्षा नीट पाहण्याचा वाटा मोठा होता.

तुम्हीही तेच करा. प्रस्तावित जागेसमोरून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी किती माणसे चालतात, कोठे उभी राहतात, कोठे ऊन घेतात आणि कोठे सावली शोधतात, हे लिहून काढा. मग आराखडा मागा आणि वरच्या मजल्यांची देखणी चित्रे बाजूला ठेवून खालचे तीन-चार मजले पाहा. रस्त्याकडेच्या भिंतीत किती दारे आहेत? वाहनतळाचे प्रवेशद्वार आणि मालाची ये-जा पदपथ कोठे तोडतात? वाऱ्याची विंड टनेल चाचणी (बोगद्यात कृत्रिम वारा सोडून इमारतीच्या प्रतिकृतीवर घेतलेली चाचणी) झाली आहे का, आणि तिच्यात शेजारच्या इमारती धरल्या होत्या का? वर्षातील सर्वांत लहान दिवशी सावली कोठवर जाईल? दर्शनी काच वक्र असेल तर परावर्तित ऊन कोठे पडेल, याचा हिशोब कोणी केला आहे? पक्ष्यांना दिसेल अशी काच वापरली जाणार आहे का? न्यूयॉर्कने 2020 साली नव्या इमारतींच्या 75 फुटांपर्यंतच्या भागासाठी अशी अट घातली आहे, तेव्हा ही मागणी कोणी अवाजवी म्हणू शकणार नाही.

‘लोकांसाठी खुली जागा’ हा शब्दप्रयोग आराखड्यात दिसला, तर विशेष सावध राहा. आधी सांगितलेल्या फेंचर्च स्ट्रीटच्या इमारतीला परवानगी मिळण्यात माथ्यावरील सार्वजनिक बागेच्या आश्वासनाचा वाटा होता. प्रत्यक्षात तेथे जाण्यासाठी सामान्यतः आगाऊ नोंदणी करावी लागते आणि सुरक्षातपासणीतून जावे लागते, म्हणून तिच्यावर पुन्हा टीका झाली. खुली म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणाला, कोणत्या अटींवर, आणि मालक बदलल्यावर ही अट टिकणार कशी, हे परवानगीपत्रातच लिहून घेण्याची मागणी करा.

हरकतीच्या पत्रावर एकाच मजकुराखाली शेकडो सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या दहा वेगळ्या नोंदी दिल्या, तर सुनावणीत प्रत्येकीला वेगळे उत्तर देणे भाग पडते. त्या उत्तरांच्या प्रती जपून ठेवा. बांधकाम सुरू झाल्यावर आराखड्यात बदल होतात, आणि तेव्हा कोणते आश्वासन गळले हे दाखवण्यासाठी त्या लागतील.