गैरसोयीचं पान

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ताराराणींवरच्या कादंबरीची प्रकरणं वाचली. चांगली आहेत, आणि त्याहून जास्त स्तुती करणार नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या पाळ्या सांभाळून जो माणूस रात्री हे लिहितो, त्याला ‘लिहीत राहा’ म्हणून सांगावं लागत नाही. मी कागद ओढला तो तुझ्या चिठ्ठीमुळे. ‘मॅडम, १७०७ ला थांबू का? सगळे म्हणतात, पुढचं लिहिलं तर ताराराणींच्या प्रतिमेला डाग लागेल.’ हे सगळे म्हणजे कोण, ते तू लिहिलेलं नाहीस. मला अंदाज आहे. एक जण पुस्तक काढू म्हणणारा असणार, एक तुमच्या वाळव्याकडच्या मंडळाचा कार्यकर्ता असणार, आणि तिसरा तू स्वतः. पहिल्या दोघांना मी हाताळू शकते. तिसऱ्यासाठी हे पत्र.

थांबायचं नाही. गैरसोयीचं पान फाडायचं नाही.

तुझी कादंबरी आत्ता कुठं संपते बघ. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. हंबीरराव मोहित्यांची लेक, वय पंचविशीचं, पदरात लहान मुलगा, आणि समोर अख्खी मोगली फौज घेऊन बसलेला औरंगजेब. सात वर्षं तिनं ते राज्य चालवलं. १७०७ ला बादशहा अहमदनगरला मेला. टाळ्या, पडदा. मुलगा मोठा असेल तर त्याच्या वाढदिवसाला भेट द्यायला उत्तम पुस्तक.

पण बाई त्यानंतर चोपन्न वर्षं जगली, त्यांचं काय करायचं?

संभाजी महाराजांचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा तिनं त्याला तोतया म्हटलं. परसोजी भोसले शाहूबरोबर एका ताटात जेवला आणि त्यानं दाखवून दिलं की हा खरा भोसला आहे, असं सांगतात. खेडला लढाई झाली, हिचा सेनापती धनाजी जाधव शाहूकडे गेला, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूला राज्याभिषेक झाला. १७१४ ला पन्हाळ्यावर सवतीनं, राजसबाईनं, हिला आणि हिच्या मुलाला कैदेत टाकलं. मुलगा कैदेतच गेला. १७३१ ला वारणेचा तह झाला आणि ज्याला तोतया म्हटलं होतं त्याच पुतण्याच्या आश्रयाला ती साताऱ्याला येऊन राहिली. एवढ्यावर कुणाचीही कादंबरी उभी राहिली असती. पण खरी गोष्ट याच्या पुढं आहे.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू निपुत्रिक गेला. त्याआधीच हिनं सांगितलं होतं की माझा नातू जिवंत आहे, लपवून वाढवलाय. तो रामराजा. ग्रँट डफ इथं साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्यानं १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलंय की माहुलीला सगळ्या फौजेसमोर ताराबाई त्याच्यासोबत जेवली आणि त्या अन्नावर हात ठेवून तिनं शपथ घेतली, हा माझा नातू आहे. मग त्याला गादीवर बसवलं. १७५० च्या चंपाषष्ठीला त्याच नातवाला तिनं साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि परत निघताना दरवाजातच कैद केलं. आणि १७५२ ला जेजुरीला जाऊन खंडोबासमोर शपथ घेतली, हा माझा नातू नव्हे.

म्हणजे एक तर माहुलीच्या जेवणावरची शपथ खोटी, नाहीतर जेजुरीची. चंपाषष्ठी कुणाचा सण, हे तुला सांगायला नको. खंडोबाच्या सणाला धरलं आणि खंडोबाच्याच दारात नाकारलं. हे मी रचलं असतं तर तू म्हणाला असतास, बाई, फार जुळवून आणलंत.

कुठली शपथ खोटी होती याची कारणं मांडून इतिहासकार वाद घालू शकतात, घालतातही. पण शपथ घेताना तिच्या मनात काय होतं, ते एकाही कागदात नाही. तुझी जागा तिथं आहे, आणि तू तिथूनच पळायला निघालास! जिथं शंभर जणांनी आधीच लिहून ठेवलंय त्या सात वर्षांत तू नऊ प्रकरणं घातलीस. ज्या रात्रीबद्दल कुणालाच काही माहीत नाही, त्या रात्रीसमोर तुझी लेखणी ‘प्रतिमा’ म्हणून थबकते. तुम्हा मुलांना बाई एक तर देवी हवी असते नाहीतर कैकयी. ऐंशीकडे झुकलेली, सगळं गमावलेली, तरी सत्तेचा नाद न सुटलेली म्हातारी तुम्हाला झेपत नाही. मला झेपते. मी आरशात बघते तेव्हा थोडी दिसतेही.

रागावले असं समजू नकोस. रागावलेय खरी, पण तुझ्यावर थोडी आणि बाकीच्यांवर जास्त.

तू लिहिलंस की पौराणिक कादंबऱ्या वाचून तुला लिहावंसं वाटलं, आणि तिथं लेखक वाटेल ते बदलतात, मग मी दोन-चार गोष्टी वगळल्या तर काय बिघडलं. बदलतात, मान्य. पण काय बदलतात ते नीट बघ. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती काढली. तिच्यातलं सभापर्व उघड. दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तेव्हा नोकर हसतात, भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदीचं नाव तिथं नाही. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तर त्या आवृत्तीत कुठंच सापडायचं नाही. पण हाच दुर्योधन घरी जाऊन बापापुढं गाऱ्हाणं मांडतो तेव्हा त्याच्या सांगण्यात कृष्ण हसलेला असतो, आणि बायकांना घेऊन द्रौपदीही हसलेली असते. दुखावलेल्या माणसाच्या आठवणीत हसणारे वाढले! व्यासांनी दोन्ही पानं ठेवली, एकही फाडलं नाही. आपण काय केलं? आपल्याला महायुद्धाला एक बाई जबाबदार हवी होती, म्हणून सोयीचं वाक्य तिच्या तोंडी घातलं आणि मालिकांतून घरोघर पोचवलं. यानं कादंबरीकाराचं केवढं नुकसान झालं बघ. दुर्योधनाचा तो वाढत गेलेला अपमान, ते खरं मानवी पान, कुणी लिहायलाच बसत नाही.

आणि सांगलीकडच्या माणसाला मी हे सांगावं? १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं ते तुमच्या सांगलीत, विष्णुदास भाव्यांचं. तुमच्याच सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. कीचकाच्या जागी प्रेक्षकांना कर्झन दिसायचा, आणि सरकारनं १९१० साली त्यावर बंदी घातली, हे शाळेतही शिकवतात. पण मूळ विराटपर्वात त्या प्रसंगी काय आहे? भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो आणि धर्मराज तिला म्हणतो, तुला वेळ कळत नाही, नटीसारखी धावतेस, राजसभेत चाललेल्या द्यूतात विघ्न आणतेस. धर्मराज हे म्हणतो, धर्मराज! यापेक्षा गैरसोयीचं पान कुठल्या देशाच्या पुराणात असेल? खाडिलकरांना तो गप्प बसणारा थोरला भाऊ नको असता तर काढून टाकता आला असता. त्यांनी तो ठेवला, म्हणून तर नेमस्त कोण आणि जहाल कोण हे पिटातल्या माणसालाही कळलं.

खांडेकरही तुमचेच, जन्म सांगलीचा. ‘ययाती’त त्यांनी कचाला मूळ कथेपेक्षा कितीतरी पुढं नेलं, केवढं तरी स्वतःचं घातलं. पण बापानं मुलाकडे तारुण्य मागितलं, ती लाजिरवाणी गोष्ट काढली का? तीच काढली असती तर उरलं काय असतं? घालायला हवं तेवढं घाल. काढायचं मात्र नाही. गैरसोयीचं पान फाडायचं नाही, हे मी आणखी दहा वेळा लिहीन.

तू म्हणशील, बाईंना सांगायला काय जातंय. काय गेलं ते सांगते.

मी रंगो बापूजींवर कादंबरी लिहिली होती. १८३९ ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत करून काशीला धाडलं, तेव्हा त्यांचा वकील म्हणून हा माणूस लंडनला गेला. महाराज १८४७ ला काशीतच वारले, १८४८ ला राज्य खालसा झालं, तरी हा तिथंच, अर्ज करतोय, सभांत भाषणं करतोय. पुढं १८५७ ला साताऱ्यात फाशी गेलेल्यांत त्याचा मुलगा होता, आणि तो स्वतः इंग्रजांना कधीच सापडला नाही. ‘चार भिंती’च्या हुतात्मा स्मारकावर संध्याकाळी हवा खायला जाणारा प्रत्येक सातारकर एवढं सांगू शकतो. जे सांगत नाही ते असं: लंडनमध्ये कर्जात बुडालेल्या रंगो बापूजींचं कर्ज शेवटी ईस्ट इंडिया कंपनीनंच फेडलं आणि परतीच्या प्रवासाचा खर्चही तिनंच दिला. ज्या कंपनीशी तो तेरा-चौदा वर्षं भांडला, तिच्याच पैशानं बोटीत बसला. माझी कादंबरी त्या बोटीवर होती. अख्खी. डेकवर बसलेला, हरलेला, मिंधा झालेला माणूस, आणि घरी पोचल्यावर जे करायचं त्याची पहिली ठिणगी.

प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. मजकूर उत्तम, फक्त कंपनीच्या पैशाचं तेवढं काढा, थेट १८५७ पासून सुरुवात करा. हुतात्म्याच्या बापानं शत्रूचे पैसे घेतले हे वाचकाला रुचत नाही. मी काढलं नाही. घरचे म्हणाले, चार पानांचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं, त्याच चार पानांसाठी बाकीची तीनशे आहेत. शेवटी पदरचे पैसे घालून छापली. साताऱ्यातल्या वाचनालयांनी घेतल्या तेवढ्या गेल्या, बाकीचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पुढं दुसऱ्या कुणीतरी त्याच विषयावर बोट वगळून लिहिलं. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मी ते वाचलंय, भाषा चांगली आहे, लढाया झकास आहेत. मला त्यातला माणूस ओळखू आला नाही, एवढंच. लोक म्हणतात बाई हेकट आहेत. असेन. पण इतक्या वर्षांत मला ती चार पानं काढावीशी वाटली नाहीत, आणि कुणी आज विचारलं तरी काढणार नाही. त्यानंतर दुसरी कादंबरी झाली नाही माझ्या हातून, याची मात्र हळहळ वाटते. तेवढी जिद्द एकदाच पुरली. तुझ्या नऊ प्रकरणांत ती मला परत दिसली म्हणून एवढी तडतड करतेय. नाहीतर ‘छान आहे’ लिहून पाकीट बंद केलं असतं.

भावना दुखावतील या भीतीबद्दल. जेजुरीची शपथ सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’त छापलेली आहे, ती काही तू शोधून काढलेली नाहीस. दुखावायची ती केव्हाच दुखावली असती. आणि ज्या बाईनं औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलं, ती दोन-तीन खऱ्या प्रकरणांनी लहान होईल असं वाटत असेल, तर तिच्याबद्दल आदर तुला कमी आहे, मला नाही. कुत्सितपणे मात्र लिहू नकोस. तिला उघडं पाडायच्या आवेशात लिहिणारेही मी पाहिलेत. त्यांनी दुसऱ्या बाजूची पानं फाडलेली असतात.

बारीकसारीक: पाचव्या प्रकरणात सिंहगडावरच्या शिपायांना तू बटाट्याची भाजी वाढलीस. १७०० सालच्या मावळ्याच्या ताटात बटाटा? नाचणीची भाकरी दे, कांदा दे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर वापरलीस ते बरं केलंस, पण ती इथं साताऱ्यातच, गादीच्या आज्ञेनं, बऱ्याच उशिरा लिहिलेली आहे. तिच्यातलं वाक्य घेताना ते लिहिणारा कुणाचा चाकर होता ते आधी विचार. निम्मी मोडी येते म्हणतोस. उरलेली निम्मी याच पावसाळ्यात शीक, तेव्हा कारखाना बंद असतो. आणि पल्लेदार वाक्यं कमी कर. ‘सह्याद्रीच्या कड्यांनीही माना झुकवल्या’ असं दर तिसऱ्या पानावर आहे. कड्यांना माना नसतात.

दहावं प्रकरण क्रमानं लिहू नकोस. आधी चंपाषष्ठीचं लिही, किल्ल्याच्या दरवाजाचं. मधली वर्षं मागून भरता येतील. पानगावच्या दर्याबाईला विसरू नकोस. तिनं रामराजाला लपवून वाढवलं होतं, आणि दोन्ही शपथांची बातमी कधीतरी तिच्याही कानावर गेली असेल. लिहून झालं की पोस्टानं पाठवू नकोस, घेऊनच ये. स्टँडवर उतरलास की थेट घरी न येता आधी संगम माहुलीला जा. शाहूच्या खंड्या कुत्र्याची समाधी कुणीही दाखवेल. ताराबाईंची मात्र विचारत विचारत शोधावी लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेव. जेवायला माझ्याकडे. आणि मला मॅडम लिहितोस ते बंद कर.

तुझी,
बाई